अकरा महिन्यांच्या वनस्पतिजन्य आहाराचा अनुभव: पोट सुधारले, पण मला वाटले होते त्या कारणाने नाही

दूध, दही, अंडी, मासे आणि मांस पूर्णपणे बंद करून केवळ वनस्पतिजन्य आहार घेऊ लागल्याला आता अकरा महिने झाले आहेत. त्याआधीची सहा वर्षे जेवणानंतर तासाभरात पोट तट्ट फुगणे, तीन-तीन दिवस बद्धकोष्ठता आणि मग एखाद्या सकाळी लागोपाठ जुलाब, असे चक्र चालू होते. तपासण्यांत दुसरे काही न आढळल्याने डॉक्टरांनी आयबीएस (आतड्यात दिसण्याजोगा बिघाड नसतानाही वारंवार होणारा पोटाचा त्रास) असे निदान केले होते. दरम्यान, न मानवणाऱ्या पदार्थांची माझी यादी वाढतच गेली होती आणि या आहाराने ती यादी संपेल, या आशेनेच मी तो सुरू केला.

सुरुवात करण्यापूर्वी माझ्या हातून होऊ घातलेली एक चूक डॉक्टरांमुळे टळली. मी गहू आधी सोडून सीलिअ‍ॅक आजाराची (गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार) रक्ततपासणी नंतर करणार होते. परंतु ती तपासणी गहू नेहमीप्रमाणे खात असतानाच करावी लागते, अन्यथा आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. दुसरी चूक मात्र मी आधीच करून बसले होते. एका प्रयोगशाळेकडून आयजीजी प्रकारची 'अन्न असहिष्णुता चाचणी' करून घेतली होती आणि तिच्यात सत्तावीस पदार्थ लाल रंगात छापून आले होते. आयजीजी प्रतिपिंडे बहुधा इतकेच सांगतात की तो पदार्थ आपल्या खाण्यात आहे. अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटना या चाचणीवरून निदान करू नये असे स्पष्टपणे सांगतात, हे मला नंतर समजले. त्या सत्तावीसांपैकी चोवीस पदार्थ मी आज खाते.

पोटफुगीच्या बाबतीत पहिले सहा आठवडे मात्र पूर्वीपेक्षा वाईट गेले. वेष्टनांवरील आकड्यांची बेरीज केली असता माझ्या आधीच्या आहारात दिवसाला सुमारे चौदा ग्रॅम फायबर होते, आणि उत्साहाच्या भरात मी ते एका आठवड्यात चाळीसच्या वर नेले. (प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेले किमान प्रमाण दिवसाला २५ ग्रॅम आहे.) एका संध्याकाळी मी वाटीभर राजमा, सोबत कच्चा कांदा आणि वरून एक सफरचंद असे 'आदर्श' जेवण केले. दोन तासांत कमरेचे बटण उघडावे लागले आणि रात्री कूस बदलली की अर्ध्या भरलेल्या बाटलीतल्या पाण्यासारखा आवाज पोटातून येत होता. डाळी व कडधान्यांतील गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड ही साखर पचवणारे विकर माणसाच्या लहान आतड्यात नसतेच. ती न पचता मोठ्या आतड्यात जाते आणि तेथील जीवाणू तिच्यापासून वायू तयार करतात. याला ना अ‍ॅलर्जी म्हणता येते ना आजार, तरीही संवेदनशील आतड्याला तोच वायू असह्य होतो.

सातव्या आठवड्यात आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने सगळे पुन्हा पहिल्यापासून मांडले. ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठात विकसित झालेल्या लो-फॉडमॅप पद्धतीचे तीन टप्पे असतात: दोन ते सहा आठवडे आतड्यात आंबणाऱ्या शर्करा (म्हणजेच फॉडमॅप) कमी करणे, मग एकेक गट ठरावीक मात्रेत पुन्हा खाऊन पाहणे आणि शेवटी स्वतःपुरती मर्यादा ठरवणे. बरेच जण पहिल्याच टप्प्यावर कायमचे थांबतात आणि माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान तेथेच होते, कारण जे पदार्थ त्रास देतात त्यांतले बरेचसे आतड्यातील उपयुक्त जीवाणूंचे खाद्यही असतात. केवळ वनस्पतिजन्य आहारात हा टप्पा विशेष अवघड जातो, कारण कडधान्ये कमी केली की प्रथिने कशातून घ्यायची हा प्रश्न उभा राहतो. मला घट्ट टोफू आणि डब्यातील, पाणी निथळून धुतलेली मसूर यांनी तारले. या शर्करा पाण्यात उतरतात, त्यामुळे निथळलेल्या मसुरीत त्या कमी उरतात.

माझ्या वहीत चौदाव्या आठवड्यातील नोंद अशी आहे: 'राजमा, एक मोठा चमचा, दुपारी. काही नाही.' दोन दिवसांनी दोन चमचे, मग चार. राजमा रात्रभर भिजवायचा, वर आलेल्या फेसासकट ते पाणी ओतून द्यायचे, ताज्या पाण्यात चांगला उकळून मऊ शिजवायचा आणि शिजवल्याचे पाणीही टाकून द्यायचे, हा क्रम मी आजही मोडत नाही. आता अर्धी वाटी निर्धास्त खाते. पूर्ण वाटी खाल्ली तर संध्याकाळी जाणवते. म्हणजे ज्याला मी सहा वर्षे 'मला राजमा चालत नाही' म्हणत होते, तो प्रश्न बराचसा मात्रेचा होता.

गव्हाचे कोडेही असेच उलगडले. ग्लुटेन मला सोसत नाही असे मी ठामपणे सांगत असे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील एका प्रयोगात, सीलिअ‍ॅक नसलेल्या पण स्वतःला ग्लुटेन-संवेदनशील मानणाऱ्या ५९ जणांना ग्लुटेन, फ्रुक्टान (आतड्यात आंबणारी एक शर्करा) आणि दोन्ही नसलेले असे खाद्य, कोणते काय आहे हे न सांगता, आळीपाळीने दिले गेले. सर्वाधिक त्रास फ्रुक्टानने झाला. ग्लुटेनचा परिणाम दोन्ही नसलेल्या खाद्याहून वेगळा दिसला नाही. फ्रुक्टान गव्हात असते तसेच कांदा-लसणातही असते, आणि माझ्या बाबतीत पावाच्या दोन कापांनी काही होत नाही, पण लसणाच्या दोन पाकळ्या पुरेशा होतात. फ्रुक्टान तेलात उतरत नाही, म्हणून लसूण तेलात परतून काढून टाकायचा आणि ते तेल वापरायचे, हा उपाय आता अंगवळणी पडला आहे.

प्रामाणिकपणे सांगायचे तर, पहिल्या महिन्यात जुलाब थांबले याचे श्रेय मी वनस्पतिजन्य आहाराला दिले होते आणि ते चुकीचे होते. पाचव्या महिन्यात मुद्दाम लॅक्टोजविरहित दूध आठवडाभर पिऊन पाहिले, तेव्हा काहीही झाले नाही. साध्या दुधाच्या पेलाभराने मात्र तीन तासांत जुने दिवस आठवले. म्हणजे दोष दुधातील साखरेचा होता आणि तेवढ्यापुरता उपाय कितीतरी सोपा होता. याउलट 'शुद्ध वनस्पतिजन्य' असे मिरवणाऱ्या काही तयार पदार्थांत चिकोरीच्या मुळातील इन्युलिन घातलेले असते. ते फ्रुक्टानच आहे, आणि त्याने मला राजम्यापेक्षा जास्त छळले. आता वेष्टनाची मागची बाजू वाचल्याशिवाय मी काही घेत नाही.

मग या आहाराने नेमके दिले काय? शौच रोज आणि विनासायास होते, हे सर्वांत मोठे. पोट फुगण्याचे दिवस महिन्यातून वीसवरून चार-पाचावर आले. आठवड्यात तीस वेगवेगळ्या वनस्पती खाणाऱ्यांच्या आतड्यातील जीवाणूंमध्ये अधिक वैविध्य असते, असे २०१८ च्या 'अमेरिकन गट' (इंग्रजी 'गट' म्हणजे आतडे) या प्रकल्पात दिसले होते, म्हणून मीही बिया, डाळी, पालेभाज्या धरून मोजणी करते आणि पंचविसाच्या आसपास पोहोचते. मात्र २०२१ मध्ये स्टॅनफर्डमधील ३६ जणांच्या दहा आठवड्यांच्या प्रयोगात हे वैविध्य भरपूर फायबरने नव्हे, तर आंबवलेल्या पदार्थांनी वाढले होते. ते वाचल्यापासून मी आंबवलेली कोबी आणि सोयाचे दही रोज थोडे घेते. हा भाग मी उशिरा सुरू केला, याची थोडी हळहळ वाटते.

बी-१२ ची गोळी पहिल्या दिवसापासून चालू आहे. वनस्पतींतून ते भरवशाने मिळत नाही आणि शरीरातील साठा काही वर्षे पुरत असल्यामुळे कमतरता उशिरा कळते, तोवर मज्जातंतूंना इजा होऊ शकते. आठव्या महिन्यातील तपासणीत बी-१२ ठीक होते, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) मात्र खाली आले होते. तेव्हापासून लोह नीट शोषले जावे म्हणून डाळीवर लिंबू पिळते आणि चहा जेवणानंतर तासभर थांबून घेते. शौचावाटे रक्त, विनाकारण उतरणारे वजन किंवा झोपेतून उठवणारे जुलाब असतील, तर यातले काहीही करण्याआधी डॉक्टरांकडे जावे; माझ्याकडे यांपैकी एकही लक्षण नव्हते, म्हणूनच मला प्रयोग करण्याची मोकळीक मिळाली.

वहीत सध्या तीन नावे उरली आहेत: कच्चा कांदा, लसूण आणि सफरचंद. गेल्या सोमवारपासून सफरचंदाच्या एका पातळ फोडीने पुन्हा सुरुवात केली आहे. काल दोन फोडी झाल्या.