यूव्ही-पेरॉक्साईड यंत्र: चवथ ते चवथ वापरल्यावर

गोव्यात डिचोली औद्योगिक वसाहतीत आमचं छोटं डाईंग युनिट आहे. किनाऱ्यावरच्या दुकानांसाठी सुती टी-शर्ट रंगवतो. ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेच्या) जैविक टाकीतून निघालेल्या पाण्यात रंगाची छटा उरायचीच, म्हणून गेल्या चवथीनंतर (गणेश चतुर्थीनंतर) हे यंत्र घेतलं: पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साईड घालायचं आणि यूव्ही (अतिनील) दिव्यांचा प्रकाश टाकून रंग तोडायचा.

विकणारा म्हणाला, "थेट रंगाचं पाणी सोडा, बाकीची ईटीपी विसरा." तीन आठवडे तसंच केलं आणि फुकट गेलं. पाणी गडद असेल तर २५४ नॅनोमीटरचा प्रकाश तो रंगच गिळतो, पेरॉक्साईडच्या वाट्याला काही येत नाही. पेरॉक्साईड तुटून हायड्रॉक्सिल रॅडिकल (क्षणभर टिकणारा, रंगावर तुटून पडणारा तुकडा) झाला तरच रंग कापला जातो. शेवटी पाईप फिरवून यंत्र जैविक टाकी आणि सँड फिल्टरच्या नंतर बसवलं. तेव्हा कुठे फरक दिसला: लाल, पिवळ्या, म्हणजे नायट्रोजनच्या जोडीने बांधलेल्या अ‍ॅझो रंगांचं पाणी काचेच्या बाटलीत भरून पांढऱ्या बनियनपुढे धरलं तरी ओळखू येत नाही.

दुसरी खोड रंग पक्का करायला घालतो त्या सोडा अ‍ॅशची. त्यातलं कार्बोनेट हे रॅडिकल खाऊन टाकतं, म्हणून आधी अ‍ॅसिड घालून पीएच उतरवावा लागतो. घातलं की टाकी लिंबू-सोड्यासारखी फसफसते, बेताबेतानं घाला.

एकदा लॅबचा सीओडी (पाण्यातली घाण जाळायला किती ऑक्सिजन लागेल त्याचं माप) रिपोर्ट आधीपेक्षा जास्त आला. मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅमची, आमचा ३१०. माझी झोप उडाली! चूक पाण्याची नव्हती, उरलेल्या पेरॉक्साईडची होती. सीओडी मोजायच्या डायक्रोमेटच्या चाचणीत तेही सीओडी म्हणूनच मोजलं जातं. आता ब्लीचिंगनंतर वापरतो तेच पेरॉक्साईड किलर (उरलेलं पेरॉक्साईड मोडणारं द्रव्य) इथेही घालतो. डोस वाढवत नेण्यातही अर्थ नाही, जादा पेरॉक्साईड स्वतःच रॅडिकल संपवतं.

खरी कटकट क्वार्ट्झच्या स्लीव्हची, म्हणजे दिव्याभोवतीच्या पारदर्शक नळीची. आमच्या बोअरच्या पाण्यात लोह आहे, पंधरा दिवसांत तांबूस थर चढतो आणि दिवा जळत असूनही काम होत नाही. हेल्पर म्हणाला, "बाब, तांब्याच्या भाणाला लावतात तशी सोलां (आमसुलं) लावूया?" हसलो, पण शेवटी वापरलं ते सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे आंबटच. पावसात वीज गेली की दिवे विझतात आणि जनरेटरवरचा पंप मात्र पाणी ढकलत राहतो; व्हॉल्व्ह दिव्यांच्या लाईनला जोडून घ्या, म्हणजे दिवे विझले की पाणीही थांबेल.

रंगवताना घातलेल्या मिठाचं मात्र हे यंत्र काहीच करत नाही. टीडीएस (विरघळलेले क्षार) जितका आत तितकाच बाहेर. ते ज्याला हवंय त्याने आरओचा खर्च वेगळा धरावा.

आणि फिरोजी! पर्यटकांना समुद्राचा रंग हवा असतो, पण तो अ‍ॅझो नाही, तांब्याचा थॅलोसायनिन आहे, म्हणजे मधोमध तांब्याचा अणू असलेला चिवट रेणू. तोच पाण्याचा लॉट दोन-तीनदा फिरवावा लागतो, आणि रेणू फुटला की त्यातलं तांबं पाण्यात सुटतं, ते वेगळं बसवावं लागतं. फिरोजीची ऑर्डर आली की दर सांगायच्या आधी मी साठवण टाकी किती रिकामी आहे ते बघून येतो.