सातबारा: तलाठ्याकडून की ऑनलाइन?
पीककर्जासाठी नुसता उतारा हवा असेल, तर सरळ ऑनलाइन काढा. 15 रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा निघतो आणि कायदेशीर कामाला चालतो. फुकट दिसणारा बिनसहीचा उतारा मात्र फक्त बघण्यापुरता. तो घेऊन बँकेत जाऊ नका.

तलाठ्याकडे (कागदोपत्री आता ग्राम महसूल अधिकारी, गावात अजून भाऊसाहेबच) हेलपाटा पडतो. साहेब कधी पंचनाम्याला, कधी मीटिंगला. पण वडिलांच्या पश्चात वारसनोंद करायची असेल किंवा आणेवारीवरून (जमिनीतल्या हिश्श्यावरून) भावकीत कुरबुर असेल, तर समोर बसून बोललेलंच बरं. फेरफार (हक्क बदलल्याची नोंद) तलाठीच धरतात, नोटिशीची 15 दिवसांची मुदत गेली की मंडळ अधिकारी मंजूर करतात. हरकत आली तर मामला लांबतो, मग अर्ज ऑनलाइन केलेला असो वा हाताने.