चार दिवसांत मुरुमं गेली, मागोमाग १७,९४८ रुपये गेले

आकडा आधीच सांगून टाकते, कारण पोलिसांपासून नणंदेपर्यंत सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच होता: किती गेले? पोरीच्या चेहऱ्याचं काय झालं, हे फार थोड्यांनी विचारलं.

आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. मुलगी बारावीला. दीड वर्ष तिच्या कपाळावर आणि गालांवर मुरुमं होती, काही गाठीसारखी दुखरी. गणपतीच्या चवथीला घर माणसांनी भरलेलं आणि ही आरतीलासुद्धा खोलीबाहेर येईना. मी तिला डॉक्टरकडे नेलंच नाही, असं कुणी समजू नये. नेलं होतं. त्यांनी रात्री लावायला अ‍ॅडापलीन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइडचं जेल दिलं आणि बजावलं, फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतील, सुरुवातीला कातडी सुकेल, सालपटं निघतील. तिसऱ्या आठवड्यात सालपटं निघाली आणि मी जेल बंद केलं. चूक झाली. पण रोज सकाळी आरशासमोर रडणारं लेकरू ज्यांनी पाहिलंय, त्यांना ती समजेल.

त्यानंतर महिनाभराने जवळच्या एका हॉलमध्ये रविवारी 'मोफत त्वचा तपासणी शिबिर' लागलं. नोंदणीचे १९९ रुपये घेतले. पांढरे कोट घातलेले दोन तरुण आणि लॅपटॉपला जोडलेला कॅमेरा. मुलीच्या गालाचा फोटो पडदाभर मोठा करून म्हणाले, "ताई, रक्तात उष्णता साठलीय, पोटातून साफ करावं लागेल." मासे बंद सांगितले. दोन महिने आमच्या घरात बांगडा शिजला नाही. क्रीम, फेसवॉश आणि काढा असा संच ३,८५० रुपये, रक्त शुद्ध करायची पावडर वेगळी, २,४०० रुपये. बिल मागितलं तर म्हणाले, व्हॉट्सअ‍ॅपवर येईल. ते आजतागायत आलेलं नाही.

आता ती डबी. पांढरी, प्लास्टिकची, बोटभर उंच. वर हिरव्या पानांचं स्टिकर, 'संपूर्ण आयुर्वेदिक'. घरी येऊन मी ती उलटी करून पाहिली. बॅच नंबर नाही, एक्स्पायरी नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. स्टिकरचा कोपरा सुटला होता, त्याच्याखाली आधीच्या लेबलाची निळी कड दिसत होती. मी नखाने ती कड उचललीसुद्धा. तेवढ्यात दूधवाला आला आणि मी डबी ठेवून दिली. मी शाळेत शिकवते, मुलांना पाकिटावरची तारीख बघून खाऊ घ्या म्हणून सांगते, आणि ती डबी मी परत हातात घेतली नाही. का नाही घेतली, हा प्रश्न मला अजून झोपू देत नाही.

चौथ्या दिवशी चेहरा स्वच्छ. लाली गेली, गाठी बसल्या. मी देवापुढे साखर ठेवली. डॉक्टर बारा आठवडे म्हणाले होते आणि इथे चार दिवस! मुरुमं चार दिवसांत जात नाहीत. चार दिवसांत गेली, तीच धोक्याची खूण होती.

पुढे 'दुसरा टप्पा' म्हणून ६,५०० रुपये घेतले. दहाव्या आठवड्यात क्रीम संपलं, पार्सल लांबलं आणि पाचव्या दिवशी गाल भाजल्यासारखे लाल झाले. मुरुमं आधीच्या दुप्पट. फोन केला की "शरीरातलं विष बाहेर पडतंय." पैसे परत मागितले तर गोड बोलणारी एक मुलगी म्हणाली, परताव्यासाठी आधी अनामत भरा, ४,९९९ रुपये. भरले. आधीचे १२,९४९ अडकलेले असताना माणूस काय करणार? त्याच संध्याकाळी नंबर बंद.

शेवटी बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, त्वचा विभागात गेलो. डॉक्टरबाईंनी आधी एकच विचारलं, "कसलं क्रीम लावत होतीस?" गालावरच्या बारीक लाल शिरा आणि वाढलेली लव बघूनच त्या म्हणाल्या, हे स्टेरॉइडचं काम. स्टेरॉइड सूज आणि लाली दाबतं, कातडी पातळ करतं आणि थांबवलं की सगळं उसळून वर येतं. रक्तातली उष्णता वगैरे काही नसतं. वयात येताना अँड्रोजन हार्मोनमुळे तेलग्रंथी जास्त तेल सोडतात, मेलेल्या पेशींनी छिद्रं बुजतात, आत जंतू वाढतात आणि सूज येते. पाळी अनियमित आहे का, हेही त्यांनी विचारलं, कारण पीसीओएसमध्ये, म्हणजे पाळी बिघडवणाऱ्या हार्मोनच्या त्रासात, मुरुमं हट्टी होतात. आणि केसांना थापलेलं खोबरेल कपाळावर उतरतं, ते थांबवा म्हणाल्या. ते तेल मीच रोज घालत होते.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस स्टेशनवर तासभर बसवलं, मग सांगितलं, "मॅडम, पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत." हॉल दुसऱ्या हद्दीत येतो म्हणून दुसरीकडे धाडलं, तिथून ऑनलाइन पैसे गेलेत म्हणून सायबरकडे. औषधांच्या खात्यात सीलबंद डबी आणि बिल मागितलं. बिल दिलं असतं तर तो भामटा कसला? ज्यांनी हॉल भाड्याने दिला ते म्हणतात, आमचा संबंध फक्त भाड्याशी. कदंबाच्या बसने चार खेपा, दोन दिवसांची रजा आणि हातात एक पोचपावती, तिच्यावरचा शिक्कासुद्धा वाचता येत नाही. माझ्या पोरीचा चेहरा कुठल्या हद्दीत येतो, ते एकाने तरी सांगावं.

ऑनलाइन पैसे गेले तर त्याच तासाला १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. मी अकरा दिवसांनी केला, खातं रिकामं झालेलं होतं. ग्राहक तक्रारीसाठी १९१५ आहे. परतावा हवा तर आधी पैसे भरा, असं कुणी म्हटलं की फोन ठेवा. स्टेरॉइडची क्रीमं २०१८ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तेव्हा फार्मसीवाला 'ही लाव गो, गोरी होशील' म्हणून ट्यूब देत असेल तर परत करा. पार्लरमध्ये कुणी मुरुमांवर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या देत असेल तर मुळीच घेऊ नका. गरोदरपणात त्या बाळाला घातक ठरतात, आधी रक्त तपासावं लागतं. आणि अशी डबी तुमच्या घरी असेल तर फेकू नका. डॉक्टरला दाखवा, क्रीम कसं थांबवायचं ते त्यांनाच विचारा.

मुलीचे औषधोपचार चालू आहेत. लाली उतरतेय, हळूहळू. ती अजून तोंडावर ओढणी घेऊन बसमध्ये चढते.

काल वाळपईच्या एका ओळखीच्या बाईने फोटो पाठवला. तीच हिरवी पानं, तीच 'मोफत त्वचा तपासणी', खाली नवा नंबर. तारीख येत्या रविवारची.