नोल आणायचे तर कुठले? डी अँड डी, पाथफाइंडर आणि एबेरॉन

तरसाचं तोंड, माणसापेक्षा हातभर जास्त उंची, अंगावर कुठूनतरी लुटलेलं चिलखत, आणि टोळीने येऊन गावाचा फडशा पाडायची सवय. फँटसी आरपीजी, म्हणजे एकेक पात्र घेऊन टेबलाभोवती खेळायचे कथाखेळ, खेळणाऱ्यांना नोल माहीत नाहीत असं सहसा होत नाही. नवीन कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांची कथा, रचताना डीएमची (खेळ चालवणाऱ्याची) पंचाईत होते ती वेगळीच. नाव एक असलं तरी डी अँड डीचा (डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा) नोल, पाथफाइंडर या दुसऱ्या खेळाचा नोल आणि एबेरॉन या डी अँड डीच्याच एका काल्पनिक जगाचा नोल हे एकमेकांना ओळखही दाखवणार नाहीत इतके निराळे प्राणी आहेत. इंटरनेटवरून एकाचा स्टॅट ब्लॉक (आकड्यांचा तक्ता), दुसऱ्याची दंतकथा आणि तिसऱ्याचं चित्र उचललं की तिसऱ्या-चौथ्या सेशनला गाडी अडते.

माझ्या मते निवड एकाच प्रश्नावर होते: तुमच्या टेबलावर नोलशी बोलता येणार आहे का? याचं उत्तर नक्की करा, बाकीचं आपोआप ठरत जातं.

थोडा इतिहास, लवकर उरकतो. 1974 च्या मूळ डी अँड डीत नोल म्हणजे नोम आणि ट्रोल यांचा संकर असावा, असं मोघम लिहून लेखक मोकळे झाले होते. तरसाचं डोकं त्याला 1977 च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये, म्हणजे डी अँड डीच्या राक्षसांच्या पुस्तकात, चिकटलं आणि त्याच पुस्तकात नोलांचा दैत्यराज यीनोगूही आला. तिथून पुढची सगळी घराणी फुटली.

ज्याच्याशी बोलणं नाही

डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीने यीनोगूचा धागा टोकापर्यंत ताणला. 2014 च्या मॉन्स्टर मॅन्युअलनुसार यीनोगू पृथ्वीतलावर उतरून कत्तल करत सुटला, त्याच्या मागे मागे तरसांचे कळप प्रेतं खात आले, आणि त्या मांसाने फुगून त्यांचेच नोल झाले. हे नोल टिकाऊ असं काही बांधत नाहीत, घडवत नाहीत. हत्यारं दुसऱ्याची, चिलखत मेलेल्याचं. बुद्धिमत्ता 6. तह, खंडणी, ओलीस असल्या गोष्टी त्यांच्या गावीच नाहीत.

तरीही 2014 मध्ये साध्या नोलचा प्रकार कागदावर ‘ह्यूमनॉइड’ (माणसासारखा) असाच राहिला. फक्त यीनोगूचा दात म्हणवणारा वरचा नोल ‘फीन्ड’ (पिशाच्च) होता. 2025 च्या नव्या मॉन्स्टर मॅन्युअलने हा घोळ मिटवला आणि सगळेच नोल फीन्ड करून टाकले. वाचताना ही बारीकशी दुरुस्ती वाटते, पण टेबलावर तिचा परिणाम ताबडतोब दिसतो. होल्ड पर्सन आणि चार्म पर्सन हे स्पेल (मंत्र) फक्त ह्यूमनॉइडवर चालतात, त्यामुळे तुमचा विझार्ड किंवा बार्ड 2014 च्या नोलला जागच्या जागी खिळवू शकतो आणि 2025 च्या नोलसमोर तेच करायला गेला तर स्पेल वाया जातो. उलट पॅलाडिनची, म्हणजे धर्मयोद्ध्याची, चंगळ होते. फीन्डवर त्याच्या डिव्हाइन स्माइटला एक आठ-बाजूंचा फासा जास्त मिळतो, आणि प्रोटेक्शन फ्रॉम ईव्हिल अँड गुड लावलेल्या माणसावर हल्ला करताना नोलला डिसॲडव्हांटेज, म्हणजे फाशात तोटा. पार्टीत पॅलाडिन असेल आणि बार्ड नसेल तर नवा नोल तुमच्या खेळाडूंना सोपा जाईल. पार्टी उलटी असेल तर जड जाईल. पुस्तक निवडण्याआधी कॅरेक्टर शीटवर एकदा नजर टाका.

लढाईतली गंमत आहे ‘रॅम्पेज’मध्ये. 2014 च्या नियमात नोलने कुणाला शून्य हिट पॉइंटवर (जीव मोजायच्या गुणांवर) आणलं की तो बोनस ॲक्शन वापरून अर्ध्या वेगाइतकं पुढे सरकतो आणि आणखी एक चावा घेतो. ऐकायला भयंकर, पण प्रत्यक्षात हे क्वचित घडतं, कारण खेळाडू शून्यावर येईपर्यंत लढाई बऱ्याचदा संपत आलेली असते. यावर उपाय सोपा आहे: लढाईत मरायला कुणीतरी ठेवा. बैलगाडीचे बैल, पळणारे गावकरी, पहारेकरी. पहिला नोल भाला घालून पहारेकऱ्याला पाडतो, त्याच दमात पंधरा फूट पुढे येऊन क्लेरिकच्या पोटरीला तोंड घालतो, आणि टेबलावरचा विनोद एकदम थांबतो. शिवाय खेळाडूंपुढे मारायचं की वाचवायचं हा पेचही येतो. 2025 मध्ये अट बदलली: अर्ध्या किंवा त्याहून कमी हिट पॉइंटवर आलेल्याला इजा केली तरी रॅम्पेज चालतो, पण साध्या नोलला दिवसातून एकदाच. डीएमला ही सोय बरी पडते. मला मात्र जुना नियम चवीला जास्त बरा वाटतो, कारण त्यात मृत्यूचा वास आहे.

एक इशारा. पहिल्या लेव्हलच्या चार जणांसमोर 2014 चे दोन नोल ठेवले की लढाईच्या अवघडपणाचा हिशोब नेमका ‘हार्ड’वर येतो, आणि तीन ठेवले तर ‘डेडली’च्या कितीतरी वर जातो. आव्हानाचा आकडा ऑर्कइतकाच, म्हणजे अर्धा, पण ऑर्कचे हिट पॉइंट 15 आणि आर्मर क्लास (घाव लागायला किती कठीण तो आकडा) 13, तर नोलचे 22 आणि 15. शिवाय त्याच्याकडे लाँगबो असतो, हे डीएम लोक हमखास विसरतात.

ज्याच्याशी बोलायलाच हवं

पाथफाइंडरचा प्रवास उलट्या दिशेने झाला. पहिल्या आवृत्तीतले नोल त्या खेळाच्या जगातल्या काटापेशच्या वाळवंटातले गुलामांचे व्यापारी होते. राक्षसांची आई लमाश्तू ही त्यांची देवी, आणि कष्टाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं हा त्यांचा स्वभाव. खलनायक म्हणून ठीक, पण त्यापलीकडे फारसं काही नाही. मग 2021 मध्ये मवांगी प्रदेशावरचं पुस्तक आलं आणि नोल खेळाडूंना घेण्याजोगी जमात झाली. 2023 च्या जानेवारीत डी अँड डीचे नियम इतरांना वापरू देणाऱ्या ओजीएल परवान्यावरून मोठं रामायण झालं, पाथफाइंडर छापणाऱ्या पायझोने आपले नियम नव्याने छापले, आणि त्यात नोलांचे ‘खोलो’ झाले. 2024 च्या प्लेअर कोर 2 मध्ये ते बाकीच्या जमातींच्या रांगेत बसलेले दिसतात.

खोलो माणसं खातात का? खातात. पण आपल्या मेलेल्यांना आणि तोलामोलाच्या शत्रूला, मान म्हणून. पूर्वजांची हाडं ते जपतात, त्यांची अवजारं करतात, त्यांच्याकडून सल्ला घेतल्याची भावना बाळगतात. सत्ता बायकांच्या हातात. लढताना समोरासमोर शौर्य गाजवण्यापेक्षा दबा धरून मारणं त्यांना शहाणपणाचं वाटतं, आणि माणसांना त्याचा राग का येतो हे त्यांना कळत नाही. आकड्यांतही फरक बघा: डी अँड डीचा नोल बुद्धिमत्ता 6 वर अडकलेला, तर खोलो कॅरेक्टरला ताकद आणि बुद्धिमत्ता या दोन्हींत वाढ मिळते, तोटा होतो तो विझडममध्ये (शहाणपणात). चावा अंगभूतच, सहा-बाजूंच्या फाशाचा.

शत्रू म्हणूनही हे चांगले लढतात. ‘पॅक अटॅक’ नावाचा त्यांचा गुण असा: तुमच्याभोवती त्यांचे किमान दोन साथीदार हाताच्या अंतरावर असले की प्रत्येक घावाला चार-बाजूंचा एक फासा जादा. त्यामुळे घेरलं जाणं म्हणजे काय ते खेळाडूंना पहिल्याच राउंडमध्ये कळतं, आणि पळायचं, भिंतीला पाठ लावायची की दारात उभं राहायचं हे ठरवावं लागतं. डावपेचाच्या दृष्टीने हा गुण रॅम्पेजपेक्षा मला उजवा वाटतो. प्रमाण इथेही जपून ठेवा: दुसऱ्या लेव्हलचे दोन शिकारी पहिल्या लेव्हलच्या चौघांना ‘सिव्हिअर’, म्हणजे फार जड, पडतात.

करारावर जगणारे

एबेरॉनबद्दल थोडक्यात, कारण ज्यांना ते हवं असतं त्यांनी बहुधा आधीच ठरवलेलं असतं. 2004 मध्ये आलेल्या या सेटिंगमध्ये ड्रोआम नावाचं राक्षसांचं राज्य आहे आणि तिथे झ्नीर पॅक्टचे नोल राहतात. त्यांच्या पूर्वजांनी पिशाच्चांची गुलामी झुगारून दिली, मूर्ती फोडल्या आणि टोळ्यांनी आपसात करार केला. आता ते भाड्याने लढतात. थराश्क नावाच्या घराण्यामार्फत त्यांची तलवार दूरदूरच्या शहरांतही मिळते. दिलेला शब्द पाळतात आणि शब्द संपला की निघून जातात. राजकारण, हेरगिरी, भाडोत्री सैन्य असल्या कॅम्पेनला यापेक्षा नेमका नोल सापडणार नाही. डी अँड डीचेच नियम वापरत असाल तर आकडे 2014 चे घ्या आणि कथा इथली. फक्त बुद्धिमत्ता वाढवा, नाहीतर कराराची कलमं वाचणारा 6 बुद्धीचा नोल हास्यास्पद दिसेल.

कुठे फसतं

फसतं ते मधल्या वाटेवर. यीनोगूचे नोल घेतलेत, लढाई झाली, आणि त्यांच्या तळावर डीएमने सहज म्हणून तीन-चार पिल्लं ठेवली की पुढचे दोन तास टेबलावर भांडण. एक जण म्हणतो ही मोठी होऊन गाव खाणार, दुसरा म्हणतो माझं कॅरेक्टर असं करूच शकत नाही, तिसरा मोबाइल बघत बसतो. दैत्यापासून जन्मलेला शत्रू निवडण्याचा फायदाच हा की असला प्रश्न उभा राहू नये. पिल्लं, म्हाताऱ्या, भाषा, जखमी शरणागत यांतलं काहीही दाखवायचं असेल तर मुकाट्याने खोलो किंवा झ्नीर घ्या, आणि सेशन झीरोला, म्हणजे खेळाआधीच्या बैठकीत, खेळाडूंना तसं सांगा. नाहीतर ते सवयीने आधी बाण सोडतील आणि बोलणी करायला कुणी उरणार नाही.

वर्णनासाठी एक गोष्ट. कुठल्याही घराण्याचा नोल घ्या, तो बेतलेला आहे आफ्रिकेतल्या ठिपकेवाल्या तरसावर. आपल्याकडे सासवड-सोलापूरच्या माळरानावर दिसतं ते पट्टेरी तरस: बहुतेक एकटं, अबोल, मेलेलं खाणारं, भ्यायलं की पाठीवरची आयाळ उभी करणारं. ते हसत नाही. ठिपकेवालं तरस कळपात राहतं, मादी नरापेक्षा मोठी आणि वरचढ असते, आणि पिल्लाला आईचा हुद्दा मिळतो. हान्स क्रूक यांनी 1960 च्या दशकात सेरेंगेटी आणि गोरोंगोरोत रात्ररात्र पाठलाग करून दाखवलं की ही तरसं बरंचसं अन्न स्वतः शिकार करून मिळवतात. कित्येकदा सिंहच त्यांचं हिसकावून घेतो. त्यांचं ते प्रसिद्ध हसणं आनंदाचं नसतं; दबलेलं, घाबरलेलं जनावर तसं ओरडतं. म्हणजे अंधारात हसू ऐकू आलं तर तो टोळीतला सगळ्यात खालचा नोल आहे, वरची मादी गप्प उभी आहे. खोलोंच्या टोळीला हे चपखल बसतं. हाडं चघळल्यामुळे पांढरी पडलेली विष्ठा हा रेंजरला द्यायला उत्तम माग आहे.

पैशाचं बघायचं तर पाथफाइंडरचे नियम आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या संकेतस्थळावर अधिकृतपणे फुकट वाचता येतात, खोलोसकट. डी अँड डीचा 2014 चा साधा नोल एसआरडी 5.1 या नियमांच्या अधिकृत संहितेत आहे आणि तीही फुकटच. वरचे दोन-तीन प्रकार मात्र पुस्तकातच मिळतात.

आणि टेबलावरच्या एखाद्याला स्वतःलाच नोल खेळायचा असला तर? पाथफाइंडरमध्ये काहीच अडचण नाही. डी अँड डीच्या मुख्य पुस्तकांत सोय नाही. एबेरॉनचे निर्माते कीथ बेकर यांच्या 2020 च्या पुस्तकात खेळण्याजोगा नोल आहे, तो चालतो. फक्त अशा वेळी बाकीचे नोल यीनोगूचे ठेवू नका, नाहीतर प्रत्येक गावाच्या वेशीवर त्या एकट्या खेळाडूचाच निवाडा होत बसेल.