कोबा फोडून गेलेला ठेकेदार

मंगळवार पेठेतील आमच्या घराचा स्लॅब 1994 सालचा आहे. गेली काही वर्षे पावसाळ्यात देवघरावरच्या कोपऱ्यात ओल येत असे, म्हणून 2024 च्या उन्हाळ्यात गच्चीचा जुना कोबा, म्हणजे स्लॅबवरचा पाणी अडवणारा थर, काढून वीटतुकड्यांचा नवा कोबा घालायचे आणि त्याच वेळी बाथरूमच्या फरश्या बदलून घ्यायचे ठरवले. त्या कामापोटी एका ठेकेदाराने माझ्याकडून 1 लाख 50 हजार रुपये घेतले आणि गच्ची उघडी टाकून तो निघून गेला. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्याने त्याचे नाव लिहीत नाही. परंतु त्याने पैसे कोणत्या क्रमाने काढून घेतले, हे घराचे काम काढणाऱ्या प्रत्येकाला कळावे, या कळकळीने लिहीत आहे.

माणूस ओळखीतून आला होता. पलीकडच्या गल्लीत त्याने केलेले रंगकाम मी पाहिले होते आणि ते खरोखर चांगले होते. पण रंगकाम चांगले करणाऱ्याला वॉटरप्रूफिंग येते का, हे मी विचारले नाही. नऊशे चौरस फूट, म्हणजे नऊ ब्रास गच्ची आणि बाथरूम मिळून मालासकट 2 लाख 10 हजारांना काम ठरले आणि ते वहीच्या एका पानावर लिहिले. कोब्याची जाडी किती, उतार कोणत्या बाजूला, सिमेंट कोणते, काम किती दिवसांत, यांपैकी काहीही वहीच्या त्या पानावर नव्हते. होता तो फक्त आकडा. अक्षय तृतीयेला, 10 मे रोजी, मुहूर्त म्हणून 60 हजार रुपये रोख दिले आणि पावती मागितली नाही.

दुसऱ्याच दिवशी चार माणसे हातोडे आणि छिन्न्या घेऊन आली. तीन दिवसांत सगळा कोबा फुटला, फरश्या निघाल्या, नळाचे जुने पाइपही कापले गेले. काम धडाक्यात सुरू झाले म्हणून आम्ही समाधानात होतो. तोडफोड हा साऱ्या कामातला सर्वांत स्वस्त भाग असतो, त्याला मजुरीशिवाय काही लागत नाही, हे मला फार उशिरा उमगले. मात्र तो भाग उरकला की घरमालकाचे हात बांधले जातात. पावसाळा तोंडावर आलेला, दुसऱ्याने अर्धवट टाकलेल्या कामाला हात लावायला कोणी मिस्त्री सहसा तयार होत नाही, आणि त्यामुळे पहिला ठेकेदार जे मागेल ते आपण देत जातो. चौथ्या दिवशी त्याने, "काका, दर वाढायच्या आत फरशी बुक करून टाकूया," असे म्हणून 50 हजार घेतले. त्यानंतर वळवाचा पाऊस झाला आणि देवघरात पाणी ठिबकू लागले. त्या रात्री फोन केला तेव्हा, "केमिकल आणि सिमेंट उद्या सकाळीच उतरवतो, तेवढे 40 हजार आत्ता टाका," असे उत्तर आले. मी रात्री साडेदहाला मोबाइलवरून पैसे पाठवले, तेही त्याच्या सांगण्यावरून त्याच्या भाच्याच्या खात्यावर.

सिमेंटची दहा पोती आणि टेंपोभर विटा आल्या. माणसे आली नाहीत. कधी ती पेरणीला गावाकडे गेलेली असत, कधी त्याच्याच घरी कोणी आजारी असे, आणि जूनच्या अखेरीस फोन लागणेच बंद झाले. आम्ही गच्चीवर ताडपत्री अंथरली, तरी पाणी तिच्याखालून शिरत राहिले. आईने जोतिबाचा आणि अंबाबाईचा टाक पदराने पुसून स्वयंपाकघरातल्या फडताळात नेऊन ठेवला आणि देव्हाऱ्याच्या जागी परात मांडली. ऐंशी वर्षांच्या आईला रात्री उठून ती परात रिकामी करताना पाहिले, ते मी विसरू शकत नाही. जिन्याखाली ठेवलेल्या सिमेंटचे तोवर दगड झाले होते, आणि जुलैमध्ये त्याच सिमेंट-विटांचे 9 हजार 300 रुपयांचे बिल घेऊन लक्ष्मीपुरीतला दुकानदार दारात उभा राहिला, कारण माल माझ्या नावावर उधार उचलला होता.

पोलिसांनी अर्ज घेतला, पण हा दिवाणी वाद असल्याचे सांगितले. फसवणुकीच्या कलमासाठी सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू दिसावा लागतो. नुसते काम अर्धवट सोडणे त्यासाठी पुरत नाही. ग्राहक आयोगाचा मार्ग मात्र खुला असतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सेवेतील त्रुटीसाठी दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीचे शुल्क लागत नाही, आणि प्राथमिक मार्गदर्शन 1915 या क्रमांकावर मिळते. माझी अडचण पुराव्याची होती. रोख दिलेल्या रकमेचा कागद नाही, शेवटचा हप्ता भलत्याच्याच नावावर. शेवटी व्हॉट्सॲपवरचे त्याचे संदेश, गच्चीचे तारखांसहित फोटो आणि झालेले काम फार तर 26 हजारांचे आहे असा एका सिव्हिल इंजिनिअरचा लेखी अहवाल, यांवरच तक्रार उभी राहिली.

नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या मिस्त्रीला काम दिले ते केवळ मजुरीवर. माल मी स्वतः जाऊन आणला, बिले माझ्याकडे ठेवली आणि प्रत्येक टप्पा मोजून झाल्यावरच त्याचे पैसे दिले. शेवटचा हप्ता गच्चीत तीन दिवस पाणी तुंबवून, खालचे छत कोरडे राहिल्याची खात्री करून मगच दिला. त्याला त्यात काही वावगे वाटले नाही. चाचणी करूनच पैसे द्या, असे तोच म्हणाला होता.

जानेवारी 2025 मध्ये तक्रार दाखल झाल्यावर पहिल्या ठेकेदाराचा एका नव्या क्रमांकावरून फोन आला. "काका, आपण मिटवून घेऊया," तो म्हणाला, "राहिलेले 60 हजार दिलेत तर आठ दिवसांत गच्ची पूर्ण करून देतो." तेव्हा नवा कोबा घालून दोन महिने झाले होते.