मायक्रोटिक की ओपनडब्ल्यूआरटी? छोट्या ऑफिसच्या राउटरबद्दल

बॉटनेटच्या (हॅकरने ताबा घेतलेल्या यंत्रांच्या जाळ्याच्या) हाती लागलेला राउटर तुमचं नेट बंद पाडतोच असं नाही, तो गुपचूप दुसऱ्याच्या सर्व्हरवर ट्रॅफिकचा पूर सोडत राहतो. म्हणून निवड करताना मी वेगाआधी हेच बघतो. मायक्रोटिक (स्वतःच्या सॉफ्टवेअरसह येणारे राउटर) आणि ओपनडब्ल्यूआरटी (वेगवेगळ्या कंपन्यांच्या राउटरवर टाकता येणारं मुक्त सॉफ्टवेअर) दोन्ही नीट बसवले तर भक्कम आहेत.

मायक्रोटिकच्या विनबॉक्समधला (राउटरची सेटिंग करायच्या प्रोग्राममधला) पासवर्ड चोरू देणारा दोष एप्रिल २०१८ मध्ये, ६.४२.१ या आवृत्तीत दुरुस्त झाला. तरीही २०२१ च्या मेरिस बॉटनेटमध्ये हेच राउटर होते, कारण अपडेटआधी चोरलेले पासवर्ड नंतरही चालत राहिले. सेकंडहँड घेतलात तर नेटइन्स्टॉलने (सॉफ्टवेअर नव्याने टाकायच्या मायक्रोटिकच्या साधनाने) कोरा करा. चालू राउटर असेल तर पासवर्ड बदला, शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत) बाहेरून फाइल फेच करणारी स्क्रिप्ट शोधा, सॉक्स (दुसऱ्याचं ट्रॅफिक तुमच्या राउटरमधून पुढे नेणारी सेवा) बंद आहे ना तेही पाहा.

माझा कौल मात्र डीएनएसने (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या सेवेने) ठरवला. मायक्रोटिकमध्ये 'अलाउ रिमोट रिक्वेस्ट्स'वर टिक केली की राउटर बाहेरून आलेल्या प्रश्नांनाही उत्तरं देतो; अडवतो तो फक्त फायरवॉल. जुन्या डिफॉल्ट नियमांत अडवणूक ईथर१ वर (इंटरनेटची तार लागते त्या पोर्टवर) असायची. आपल्याकडच्या पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने लॉगिन होणाऱ्या) जोडणीत ट्रॅफिक येतं पीपीपीओई-आउट१ या आभासी पोर्टवरून, म्हणजे तो नियम लागूच होत नाही. मग खोट्या पत्त्याने आलेल्या छोट्या प्रश्नाचं मोठं उत्तर तिसऱ्याच माणसावर आदळतं आणि तुमचा अपलोड विनाकारण भरतो. नव्या आवृत्तीत 'लॅनच्या (आतल्या नेटवर्कच्या) यादीत नसलेल्या पोर्टवरून येईल ते अडवा' असा नियम आहे, तो पुरेसा आहे. पण बसवणारे बरेचदा डिफॉल्ट कॉन्फिगरेशन उडवून सुरुवात करतात आणि फायरवॉलही त्यासोबत जातो.

ओपनडब्ल्यूआरटीत वॅनचा (इंटरनेटकडच्या बाजूचा) प्रोटोकॉल पीपीपीओई केला तरी तो फायरवॉलच्या वॅन झोनमध्येच राहतो, म्हणजे अडवणूक लागू राहते, आणि डीएनएसमास्क (त्यातला डीएनएस प्रोग्राम) मुळातच फक्त स्थानिक सबनेटला (आतल्या नेटवर्कला) उत्तर देतो. इथली कटकट वेगळी: सुरुवातीला रूटला (मुख्य खात्याला) पासवर्डच नसतो, आणि सिसअपग्रेडनंतर (नवी आवृत्ती टाकल्यावर) सेटिंग राहतं पण वरून टाकलेली पॅकेजेस (जादा प्रोग्राम) जातात. 'अटेंडेड सिसअपग्रेड' वापरलं तर तीही टिकतात.

कोणतं यंत्र किती अपलोड खातंय हे मायक्रोटिकच्या टॉर्चमध्ये (चालू ट्रॅफिक दाखवणाऱ्या साधनात) जितकं पटकन दिसतं तितकं मला ओपनडब्ल्यूआरटीत दिसत नाही. रोज नेटवर्क सांभाळणारा माणूस असेल तर मायक्रोटिक घ्यायला माझी हरकत नाही. तसा कोणी नसेल तर मी ओपनडब्ल्यूआरटीकडे झुकतो: राउटरमध्ये किमान १६ एमबी फ्लॅश (साठवण), १२८ एमबी रॅम. खोक्यावरचं हार्डवेअर व्हर्जन ओपनडब्ल्यूआरटीच्या समर्थित यादीशी जुळवूनच पैसे द्या. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये पुढच्या व्हर्जनला चिप बदललेली असू शकते.