आरटीआय ऑनलाइन: दहा रुपयांचा अर्ज नेमका कुठे अडतो

केंद्र सरकारच्या कार्यालयातून माहिती अधिकार कायद्याखाली (आरटीआय) माहिती काढायची असेल तर ‘आरटीआय ऑनलाइन’ हे केंद्राचं पोर्टल ही आज सर्वांत सोपी वाट आहे. पोस्टल ऑर्डर, रजिस्टर पोस्टाची रांग, पोचपावतीची वाट बघणं, सगळं वाचतं. शुल्क १० रुपये, यूपीआयने भरता येतं. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराने दाखला जोडला की तेही माफ.

सर्वांत जास्त अर्ज वाया जातात ते चुकीच्या दारामुळे. हे पोर्टल रेल्वे, टपाल, पासपोर्ट, पीएफ, प्राप्तिकर अशा केंद्रीय खात्यांसाठी आहे. तहसील किंवा महापालिकेबद्दलचा अर्ज इथे टाकला तर तो परत येतो, दहा रुपये मात्र येत नाहीत. कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग व्हायला हवा, आणि पोर्टलला हे सहज जमायला हवं होतं. ही त्याची मोठी उणीव आहे. महाराष्ट्राचं पोर्टल वेगळं, नियमही वेगळे: मजकूर १५० शब्दांत, विषय एकच, प्रथम अपिलाला, म्हणजे उत्तर अपुरं वाटल्यास करायच्या पहिल्या दाद मागणीला, २० रुपये. केंद्रात प्रथम अपिलाला शुल्क नाही.

मजकुराच्या चौकटीत ३,००० अक्षरं मावतात, तीही इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हं. रुपयाचं चिन्ह किंवा वर्डमधून चिकटवलेली वळणदार अवतरणचिन्हं आली की फॉर्म अडतो. म्हणून मजकूर आधी नोटपॅडमध्ये साफ करून घ्यावा. मराठीत अर्ज करण्याचा हक्क कलम ६(१) देतं. त्यासाठी मराठी अर्जाची पीडीएफ जोडावी: आकार १ एमबीपर्यंत, फाइलच्या नावात मोकळी जागा नको. पैसे कापले गेले पण नोंदणी क्रमांक आला नाही, तर दुसऱ्यांदा भरू नका. २४ ते ४८ तासांत ताळमेळ होऊन क्रमांक येतो.

इथपर्यंत पोर्टल चांगलं काम करतं. पुढचं सगळं प्रश्नाच्या घडणीवर आहे. ‘माझा पीएफचा दावा का मंजूर झाला नाही?’ असं विचारलं की ‘हा खुलासा मागितला आहे, माहिती नाही’ असं उत्तर येऊ शकतं, कारण कायदा कागदावर असलेली माहिती देतो, कारणमीमांसा नाही. तेच असं मागावं: ‘दावा क्रमांक अमुक, दाखल दिनांक तमुक. या दाव्यावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीची दिनांकवार नोंद, तो कोणत्या पदावरील अधिकाऱ्याकडे कधीपासून कधीपर्यंत होता, आणि त्यावरील टिपणीची प्रत द्यावी.’ यात टाळायला जागा उरत नाही. अडलेलं काम पुष्कळदा या एका अर्जानेच हलतं.

प्रतींना पानामागे २ रुपये लागतात, तेही पोर्टलवरच भरता येतात. शुल्क कळवल्यापासून भरेपर्यंतचे दिवस माहिती देण्याच्या ३० दिवसांच्या मुदतीत धरत नाहीत, म्हणून लगेच भरावं. मुदत उलटून माहिती मिळाली तर ती कलम ७(६) प्रमाणे फुकट. फाइल जाडजूड असेल तर प्रतींऐवजी कार्यालयात जाऊन तिची पाहणी करू देण्याची मागणी करावी: पहिला तास मोफत, पुढे तासाला ५ रुपये. पाहून नेमकी पानं निवडता येतात.

स्थितीत ‘निकाली’ दिसलं म्हणून माहिती मिळाली असं समजू नका. उत्तर एका ओळीचं असलं तरी शेरा हाच पडतो. उत्तराची पीडीएफ उतरवून प्रत्येक मुद्दा अर्जाशी ताडून बघा. अपुरं असेल तर ३० दिवसांत त्याच नोंदणी क्रमांकावरून प्रथम अपील करा. कोणत्या मुद्द्याचं उत्तर आलेलं नाही ते क्रमांकासह लिहा. त्याचा निर्णय ३० दिवसांत, लेखी कारण देऊन फार तर ४५ दिवसांत अपेक्षित आहे. दुसरं अपील या पोर्टलवर होत नाही. ते ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाच्या स्वतंत्र संकेतस्थळावर करायचं, आणि तिथे अर्ज, उत्तर, पहिलं अपील आणि त्यावरचा आदेश पुन्हा जोडावे लागतात. तेव्हा प्रत्येक टप्प्याची प्रत त्या त्या दिवशीच जपून ठेवा.